तांबडी पलीकडे जाते

तांबडी लीलाधरच्या डोळ्यांदेखत चौथ्यांदा कुंपण ओलांडून गेली तेव्हा तो गालाला साबण लावून दाढी करत होता. खिडकीतून त्याला ती दिसली. आधी पाण्याच्या पिंपावर, मग जाळीच्या काठावर, आणि गेली. तो तसाच फेसासकट मागच्या अंगणात धावला. तोवर पलीकडून वॉचमनने हाक मारलीच, "अंकल, आपकी मुर्गी!"

पेणकरपाड्यातल्या त्या बैठ्या घरामागे दोन खाटा मावतील एवढं अंगण होतं, त्यात पेरूचं झाड आणि कुंपणाला लागून सात मजली सोसायटीचं पार्किंग. कोंबड्या हंसाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या. तीन माद्या, एक कोंबडा. भावाचं ऑपरेशन झालं म्हणून ती पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेली होती आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आधी कोंबड्या बघायची. "तांबडी कुठेय? अहो, मोबाईल जरा खाली धरा ना."

नशिबाने संध्याकाळपर्यंत तांबडी पलीकडच्या एखाद्या गाडीवर चढून परत इकडे उडी मारायची. पण त्या गाड्यांमध्ये सेक्रेटरी निकेतचीही गाडी होती. तो फाटकाशी येऊन सांगून गेला, "बोनट पे पंजे के निशान हैं अंकल. अब आई तो सीधा कम्प्लेंट."

लीलाधरला निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. दिवसभर काय करायचं ते कळत नव्हतं. आता हे काम मिळालं. त्याने पिंप हलवलं. तांबडी पेरूच्या फांदीवरून गेली. त्याने शांती नगरच्या बाजारातून हिरवी जाळी आणून कुंपण सहा फुटांचं केलं. ती अजून वरची फांदी धरून गेली. मग त्याने ती फांदीच तोडली, आणि तोडल्यावर लक्षात आलं की तिच्यावर हंसाचे पाचसहा कच्चे पेरू होते. त्या संध्याकाळी त्याने मोबाईल झाडाकडे वळू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई आल्या. कोंबड्यांची पिल्लं हंसाला त्यांनीच दिली होती. गावातल्या जुन्या कोळी घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. जाळीकडे बघून त्या हसल्या.

"अरं, आभालापरत नेशील तरी ती जाईल. एका बाजूचा पंख काप. दोन्ही न्हाय, एकच. मंग तोल जातो, उडता येत न्हाय."

"मावशी, रक्त येईल ना?"

"नखं कापताना येतं काय तुला? लांब पिसं तेवढी कापायची. आतल्या कवल्या पिसांना हात लावू नको. नवी येतात परत."

त्यांनी तांबडीला काखेत धरून उजवा पंख उलगडला. लीलाधरने हंसाची शिवणाची कात्री घेतली. पंखाला हात लावला तेव्हा आतली धडधड बोटांना जाणवली. त्याने डोळे बारीक करून कात्री चालवली. आठ पिसं पडली. रक्ताचा थेंब नाही.

काम फत्ते झालं होतं. तांबडीने उडी मारली, एका अंगावर कलंडली आणि धपकन खाली आली. पुन्हा मारली, पुन्हा पडली. मग उड्या सोडून ती कुंपणाच्या कडेने चालू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत. दाणे टाकले, बघितलं नाही. बाकीच्यांनी येऊन खाल्ले. लीलाधर चहा घेऊन बसला, उठला, पुन्हा बसला. पेपरात लक्ष लागेना. दुपारी झोपायला गेला तर तिचं ते बारीक कुरकुरणं भिंतीतून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाजवळ उघड्या मातीत एक अंडं पडलेलं होतं. तांबडी ते घालून तशीच पुढे चालत सुटली होती.

त्याने जाऊन कमळाबाईंना आणलं. अंडं उचलून त्या कोंबड्यांच्या खोपटात डोकावल्या.

"हिनं इथं कवापासून घातलं न्हाय?"

लीलाधरने खोपटात कधी नीट बघितलंच नव्हतं. हंसा असती तर तिने सांगितलं असतं.

"मंग तिचं घरटं तिकडं हाय. उंडारायला न्हाय जात ती, अंडी घालायला जाते."

लीलाधर चप्पल घालायलाही थांबला नाही. सोसायटीच्या फाटकातून आत गेला आणि वाकून एकेका गाडीखाली बघू लागला. कोपऱ्यात कव्हर घातलेली एक जुनी गाडी होती. तिच्याशेजारी एक बाई पाण्याची वाटी हातात घेऊन उभी होती.

"तुमचीच का ती?" तिने विचारलं. "मी नेत्रा, पहिल्या मजल्यावरची. दोन दिवस आली नाही ती. मला वाटलं, गाडीखाली सापडली की काय. चारदा खाली येऊन गेले मी."

गाडी तिच्या सासऱ्यांची, दोन वर्षं जागची न हललेली. मागच्या चाकाआड नेत्राने खोका कापून ठेवला होता, आणि त्यात अकरा अंडी होती.

लीलाधरने टोपली आणून ती अंडी घरी नेली, खोपटात गवत घालून मांडली. तांबडीला आणून समोर ठेवलं. तिने एकदा मान वाकडी करून पाहिलं आणि बाहेर पडून पुन्हा कुंपणाला लागली. त्याने दोनदा आणली. दोन्ही वेळा तेच.

"ही जागा तिची न्हाय," कमळाबाई म्हणाल्या. "बसायचा टाइम झालाय. तिथंच बसंल."

संध्याकाळी हंसाचा फोन आला तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. पिसं, फांदी, अंडी.

"मग तिला तिथेच नेऊन सोडा ना," ती म्हणाली. "अजून फोनवर काय बोलताय?"

त्याने परत आणून दिलेली अंडी खोक्यात मांडून नेत्रा कुंपणापलीकडे येऊन उभी राहिली. निकेतशी आपण बोलू, म्हणाली. लीलाधरने तांबडीला दोन्ही हातांत धरलं आणि स्वतः बांधलेल्या सहा फुटी जाळीवरून, टाचा उंचावून, पलीकडे दिलं. नेत्राने ती अलगद घेतली. मग वाकून मागच्या चाकाआडच्या खोक्यात ठेवली.

"काय झालं? बसली का?"

"थांबा... अंडी सरकवतेय चोचीने. एक बाहेर गेलेलं आत ओढलं." मग, हळू आवाजात, "बसली हो."

लीलाधरने जाळीवर तसेच राहिलेले हात खाली घेतले.