प्रत्येक पत्राची पोच

आलेल्या पत्राची पोच द्यायचीच, हे व्रत अंबादासांनी नोकरीभर पाळलं. राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात ते हेडक्लार्क होते. पत्र मंत्र्याचं असो की एखाद्या खुळ्याचं, उत्तर जायचंच. बायको गेली, निवृत्ती आली, गुडगावच्या नव्या फ्लॅटात ते एकटे राहू लागले, तरी जित्याची खोड जाते कुठे?

मुलगी रुचिरा बंगलोरला नोकरीला. पानिपतच्या नीरजशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हा हे फोनवरच कडाडले, "पानिपत? मराठ्यांचं तिथे एकदा झालं तेवढं पुरे! यापुढे जे सांगायचं ते लेखी कळव." आणि फोन आपटला. ईमेलचा पत्ता तिनेच त्यांना काढून दिलेला. तिचं एक पत्र आलं की हो म्हणायचं, हे त्यांनी मनातल्या मनात ठरवलंही होतं. पण आधी तिने लिहायचं. बापाने का वाकायचं?

त्याच सुमारास त्यांनी मॉलमधून फ्रिज घेतला. काउंटरवरच्या मुलीने मागितला तसा हौसेने ईमेल दिला. झालं! फ्रिजवाल्यांनी तो कुणाकुणाला वाटला देव जाणे. मिक्सर, गाद्या, सोहना रोडवरचे फ्लॅट, सिंगापूरची सहल, सगळे रंगीत चित्रं घेऊन रोज हजर. अंबादास एकेकाला लिहीत, "आपले पत्र पावले. तूर्त आवश्यकता नाही. कळावे." उत्तर देणारं गिऱ्हाईक सापडल्यावर ते मेले आणखीच चेकाळले. अंबादासांनी त्यातलं एकही पत्र पुसलं नाही. रेकॉर्ड असं परस्पर नष्ट करतात का?

रुचिराचं मात्र अक्षर नाही. पोटची पोर अशी निघावी, या विचाराने ते आतून कडवट होत गेले.

मग एके दिवशी मेव्हणीचा, चंद्रप्रभाचा फोन आला. "पानिपतला लग्न छान झालं हो. पण रुचिराच्या आमंत्रणाच्या मेल परत पाठवल्यात? कमाल आहे तुमची!"

अंबादासांनी तर काहीच परत पाठवलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या सुयशला बोलावलं. तो कॉम्प्युटर बघून म्हणाला, "काका, इनबॉक्स बिल्कुल फुल आहे. नवीन आलेलं सगळं आपोआप परत जातंय."

पानिपत ते काय लांब! सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. पोरीने बोलावलं होतं, आणि गादीवाल्यांनी तिला बापाच्या दारातून हाकललं होतं. संतापाने त्यांना रडू फुटलं.

चंद्रप्रभाकडून पोरीचा नवा नंबर घेऊन त्यांनी फोन लावला. "रुचिरा, बाळा, माझी चूक नाही गं. या कंपन्यांनी डबा भरून टाकला. मी बसलो एकेकाला उत्तरं लिहीत..."

"गादीवाल्यांनासुद्धा लिहिलंत?"

"सगळ्यांना. एकालाही सोडलं नाही."

 ती म्हणाली, "सगळ्यांना लिहिलंत बाबा. मला एकदा लिहावंसं नाही वाटलं?"