बिल्ल्यामागचे टाके

आमच्या वहिनीला लहान मुलांत खोट म्हणून दिसत नाही. खालच्या खोलीत ती बालवर्ग चालवते. एखाद्या कार्ट्याने दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तरी ही त्याच्या आईला सांगणार, "आपल्याला काय हवंय ते त्याला ठामपणे दाखवता येतं." मुलाला काय येत नाही ते बघायचं नाही, काय येतं तिथून सुरुवात करायची, ही तिची पद्धत. ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी वर राहतो आणि सैनिकांच्या गणवेशावरचे कापडी बिल्ले जमवतो. मला सैन्यात घेतलं नाही, छाती भरली नाही. दादाला घेतलं. तो चकमकीत गेला तेव्हा त्याच्या बाहीवरचा बिल्ला मी वहिनीकडून मागून घेतला. विकत न घेतलेला माझ्याकडे तेवढा एकच. जमवणारा माणूस बिल्ला हातात आला की आधी उलटा करतो. मागे उसवलेल्या दोऱ्यांची टोकं असली, तर तो कुणाच्या तरी अंगावर होता. नसली, तर नुसता दुकानातला माल. दादाच्या बिल्ल्यामागे हिरव्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.

दादाची मुलगी चार वर्षांची, फारशी बोलत नाही. वर्ग सुटला की वहिनी तिला वर पाठवायची. "तिची बोटं हुशार आहेत भाऊजी, तिला बिल्ले लावू द्या." मी कुरकुर करत देत असे. ती रंग बघून रांगा लावायची, न बोलता, जीभ किंचित बाहेर काढून. मला तिची सवय झाली होती.

त्या दुपारी मी चहा टाकायला आत गेलो. परत येतो तर दादाचा बिल्ला तिच्या मांडीवर पालथा आणि माझा चिमटा तिच्या हातात. एकूण एक दोरा तिने उपटला होता. वर माझ्याकडे बघून हसली.

माझा आरडाओरडा ऐकून वहिनी धावत आली. तिने बिल्ला उलटा करून त्यावरून बोट फिरवलं.

"कापडाला जरासुद्धा धक्का लागलेला नाही," ती म्हणाली. "मोठ्यांना जमत नाही हे."

"कौतुक पुरे. चुकलं म्हण तिला. एकदा तरी म्हण."

"तिला वाटलं, कचरा आहे. तिने साफ केला. तुम्ही सांगितलं होतं का तिला?"

"दादाच्या बाहीवरचे टाके होते ते."

"ते माझे टाके होते भाऊजी. मी घातले होते. मी काही बोलतेय का?"

आपलं चुकतंय असं दिसलं की माझी जीभ जास्तच चालते. मी पोरीसमोर उकिडवा बसलो.

"तुझ्या बाबाचं एवढंच उरलं होतं. तू संपवलंस. या हातांनी."

तिने दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले.

वहिनीने तिला कडेवर घेतलं. आवाज चढवला नाही.

"लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यात काहीतरी चांगलं शोधतेय मी. तो म्हणायचा, शोध, सापडेल. हिला वर पाठवत होते तेही हिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. आता नाही शोधणार."

ती जिना उतरायला लागली. तिला झोंबेल असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, पण पोर तिच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होती.