मंगळवार युनिसचा

मी कपडे वाळत घालायचा खांब बोलतोय. आधीच माफी मागतो. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अंगणात पोरं मोठ्यानं धडे म्हणायची, तेवढंच माझं शिक्षण. शुद्धलेखन चुकलं, शब्द अगदीच साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

सिडनीच्या पश्चिमेला, हॅलम रस्त्यावर, सरकारी भाड्याच्या लाल विटांच्या घरांमागे मला सिमेंटात उभा केला. कापड उडून गेलेली छत्री डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी दिसेन. डोक्यावर चार हात, हातांमधून ताणलेल्या तारा, कमरेला एक हँडल, ते फिरवलं की मी खालीवर होतो. वारा आला की मी गोल फिरतो.

इथे प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला असे. सोमवार केफालस कुटुंबाचा, त्यात गॅरेजमधले तेलकट डगले. मंगळवार युनिसचा. तिच्या चादरीच फार. बुधवार लोसेलीचा. ती टोंगा बेटांवरची, मोठ्या हॉस्पिटलात साफसफाईला जाते. शुक्रवार म्हाताऱ्या नोरीनचा. गुरुवार, शनिवार बाकीच्या बिऱ्हाडांचे. रविवार कुणाचाच नाही. दुसऱ्याच्या वारी माझ्यावर साधा पायमोजा टाकला, तरी बायका महिनाभर एकमेकींशी बोलत नसत.

मग नगरपालिकेपुढे आमच्या जागेचे दोन नकाशे आले. एकात काचेचा उंच मनोरा, सगळ्या कचेऱ्या. दुसऱ्यात बेताच्या भाड्याची नवी घरं, आणि जुन्या भाडेकरूंना त्यात पहिला हक्क. पलीकडच्या गल्लीतले लोक म्हणत, घरं आली की गाड्या आल्या, आधीच चौकात सगळं तुंबलेलं असतं. निर्णय व्हायचा होता, पण बिऱ्हाडं हलवायला सुरुवात झाली. केफालस गेले. युनिस गेली, थेट रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी माझ्या तारा खाली वाकल्या.

वर काहीच नव्हतं. मोकळं आकाश, कडक ऊन. पण ओल्या चादरींचं ओझं मी ओळखतो. पाणी कडांना उतरतं, आणि मग हात हळूहळू दुखू लागतो. खाली सिमेंटवर थेंब पडत होते. रोज माझ्यावर बसणारे काळेपांढरे मॅगपाय पक्षी कुंपणावरून बघत राहिले. दुपारपर्यंत ओझं हलकं झालं आणि संध्याकाळी उतरलं, जसं युनिस उतरवून न्यायची.

सोमवारी डगल्यांचं ओझं आलं. मग दर आठवड्याला हेच.

नोरीनच्या लक्षात आधी आलं. मंगळवारी अंगणातून जाताना ती मान खाली घालून, वाकून, बाजूला हातानं काहीतरी सारत जायची. लोसेली जिन्यावरून हसली.

"काय गं आजी, कुणाला नमस्कार घालतेस?"

"चादर तोंडाला लागते."

"कसली चादर? चष्मा बदल तुझा. आणि माझे गणवेश वाळत घालू दे आज, दोरी रिकामीच आहे."

"आज मंगळवार. युनिसचा."

"युनिस गेली की!"

"ती गेली. वार कुठं गेलाय?"

लोसेली चिमट्यांची टोपली घेऊन तावातावानं माझ्यापाशी आली. पहिला गणवेश तारेवर टाकायला तिनं हात उंचावला आणि तसाच थांबवला. मग टोपली उचलून ती परत गेली. जाताना तीही वाकली.

त्या नकाशांवरच्या मतदानाच्या आधी नगरसेवक जागा बघायला आले. मंगळवारच होता. त्यांच्यातला ब्राइस नावाचा उंच माणूस घामाघूम झाला होता. त्यानं कोट काढून माझ्या तारेला अडकवला.

"ओ साहेब," नोरीन म्हणाली, "दोरी आज दुसऱ्याची आहे."

सगळे हसले. ब्राइसही हसला. "बरं, भाडं देतो दोरीचं. बाई, इथे घरं हवीत हे तुमचं मला पटतंय, पण घरांनी चौक आणखी तुंबेल, त्याचं काय करू?"

"आणि कचेऱ्यांत माणसं उडत येणार का?" लोसेली म्हणाली. "मी आज चालत कामाला जाते. मला लांब पाठवलंत की गाडी घेऊन याच चौकात येणार. ती गाडी धरलीत का हिशेबात?"

 ब्राइस मान डोलावत होता. मला वाटलं, वळला हा आपल्या बाजूला. मग त्यानं कोट घ्यायला हात लावला.

कोट पिळावा लागेल इतका ओला होता. बाह्यांतून पाणी गळत होतं, आणि त्याला युनिसच्या साबणाचा वास येत होता. वर ढगाचा ठिपका नव्हता.  ब्राइसनं कोट अंगापासून लांब धरला आणि तो जवळजवळ पळतच फाटकाबाहेर गेला.

मतदानाचं मला लोसेलीकडून कळलं. ती नोरीनला सांगत होती, "दोन्हीकडं सारखी मतं. राहिला तो कोटवाला. उभा राहिला, पांढराफटक, आणि म्हणाला, ती जागा लवकर मोकळी झालेली बरी. मत दिलं मनोऱ्याला. आपल्याला घरं मिळणार म्हणे, पण शेवटच्या स्टेशनाकडं."

त्याचा कोट मी भिजवला नव्हता हो. चादरी ओल्या होत्या.

नोरीनची गाडी गुरुवारी आली. तिनं मजुरांना विनवलं, "एक दिवस थांबा ना, उद्या माझा वार आहे." ते थांबले नाहीत. सामान चढत असताना युनिसचा फोन आला. नोरीनला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा केलेला.

"इथं दोरीच नाही गं. बाल्कनीत कपडे टाकले की दंड. पण ऐक, कुणाला सांगू नकोस. मंगळवारी मी धुण्याच्या मशिनीतून चादरी काढते ना, त्या वाळलेल्या असतात. उन्हाचा वास येतो."

नोरीननं फोन ठेवला. माझ्यापाशी आली, हँडल फिरवून मला तिच्या उंचीला खाली घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. लोसेली फाटकात उभी राहिली. तिचीही तारीख आली आहे.

आता यंत्रं येतील. येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मला उपटायचं तर रविवारी उपटा. इतर दिवशी माझ्यावर कुणाचं तरी असतं.

नोरीन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ओझं आलं. हलकंच होतं. दोन टॉवेल, एक झगा, पायमोजे. नोरीनच्या खोलीची सावली त्यांच्यावर पडली होती. वारा अजिबात नव्हता. मी सगळा जोर लावला, करकरलो, आणि हळूहळू फिरून तिचे कपडे उन्हात नेले.