बसत्या मापाचा ओटा

साळूबाईनं पिशवीतून सुतळी काढली, तिचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं वर ताणून धरलं. सुतळीला मारलेल्या गाठीवर बोट ठेवून ती म्हणाली,

"हितवर. ह्याच्या वर बोटभर बी नको."

नाथाजीनं आधी गाठीकडं पाहिलं, मग साळूबाईकडं. गाठ तिच्या कमरेच्या बरीच खाली होती. मिरज रस्त्यावरच्या या शेडमध्ये ओटे कापता कापता त्याच्या भुवया दगडाच्या भुकटीनं कायमच्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण असलं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

"वहिनी, ह्यो ओटा हाय का पाट? उभ्यानं सैपाक करताना कंबर ऱ्हायची न्हाई तुमची."

"माझ्या कमरंचं मी बघते. तुमी दगड कापा."

हेच तोंडावर सांगायला ती थेट दगड कापायच्या कारखान्यावर आली होती. आधी सांगलीतल्या एका चकचकीत दुकानात जाऊन आली होती. तिथल्या पोरानं मोबाइलवर दगडांचे फोटो दाखवले आणि मापाचं नाव काढताच हसून सांगितलं, की ते आमचा माणूस बघेल, सगळ्या ओट्यांचं माप ठरलेलंच असतं. साळूबाई चहा अर्धा टाकून उठली. ठरलेलं माप तिला नको होतं. ज्याच्या हातात करवत त्याच्याच तोंडावर माप सांगायचं, म्हणजे मधे कुणी शहाणपणा करणार नाही, असा तिचा हिशेब. इथं तिनं भिंतीला टेकवलेले दगड एकेक करून ओल्या हातानं पुसले, बोटाच्या पेरानं वाजवून बघितले आणि दाराजवळचा काळा ग्रॅनाइट पसंत केला.

नाथाजीनं खडू घेतला. कापायच्या दगडावर गिऱ्हाइकाचं नाव टाकायची त्याची रीत होती, नाहीतर एकाचा ओटा दुसऱ्याच्या घरी जायचा.

"नाव काय लिहू?"

"ते मागनं लिवा," साळूबाई म्हणाली.

दारासमोर नानासोचा टेम्पो उभा होता. नानासो भाड्याला येणारा शेजारी. तो चहाला गेला होता. पुढच्या सीटवर एकटा सिद्धू बसला होता, साळूबाईचा नवरा. मागच्या हौद्यात त्याची चाकांची खुर्ची दोरीनं बांधून ठेवलेली. सिद्धू फौजेत आचारी होता. शंभर-शंभर जवानांचा लंगर त्यानं सांभाळला होता, आणि सुट्टीवर आला की सगळी गल्ली त्याच्या हातच्या रश्श्याची वाट बघायची. मग डोंगरातल्या एका वळणावर गाडी उलटली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो बाहेरच्या सोप्यात बसून असायचा. कढईला हात नाही, कुणाशी चार शब्द नाहीत.

पण एका सकाळी ती फोडणी घालून पाण्याला गेली होती, तर सोप्यातून आवाज आला, "कांदा करपतुय." नुसत्या वासावरून. साळूबाई घागर तिथंच टाकून धावली. कांदा करपला नव्हता, करपायच्या बेतात होता. त्या दिवशी तिनं ठरवलं. एका दुपारी तो खुर्चीत डोळे मिटून पडला असताना तिनं जमिनीपासून खुर्चीच्या हातांच्या जरा वरपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

सिद्धूला तिनं खुर्चीच्या मापाच्या ओट्याचं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गल्लीला हसायला निमित्त नको. मी काय बसत न्हाई तिथं."

नाथाजी दगडावर ओट्याचं चित्र काढत होता. साळूबाई सांगत गेली. खाली मधोमध कडप्प्याची उभी फळी. एका खणात सिलिंडर, दुसऱ्यात घागर, सगळ्यांच्या घरी असतं तसं.

"पर कुणासाठी एवढा खाली?" नाथाजीनं अखेर विचारलं.

साळूबाईनं हनुवटीनं टेम्पोकडं दाखवलं. नाथाजीनं खुर्ची बघितली आणि आवाज उतरवला.

"ते करणार सैपाक? कबूल हायेत?"

"न्हाईत."

"मग वो?"

"ओटा झाल्यावर बघू."

"वहिनी, दगड एकदा कापला की जोडता येत न्हाई. उद्या ते न्हाईच बसले, तर?"

"तर मी वाकून करीन. जलमभर करीन. मागं घ्या म्हणून तुमच्या दारात येणार न्हाई."

हे ती ठरवूनच आली होती. मागं चाललेलं मशीन नेमकं त्याच वेळी थांबलं होतं. शेडमध्ये पाणी ठिबकत होतं आणि तिचे शब्द दाराबाहेर स्वच्छ ऐकू गेले असणार.

टेम्पोचा हॉर्न वाजला. शेजारच्या सीटवरून हात लांब करून सिद्धूच वाजवत होता. आता घरी चल म्हणणार, या समजुतीनं साळूबाई पदर खोचत गेली.

"आवं, झालंच. माप तेवढं..."

तो तिच्याकडं बघत नव्हता. दाराजवळच्या काळ्या दगडावरच्या खडूच्या रेघा बघत होता.

"ती मधली फळी कुणी सांगितली?"

"मीच. का?"

"मग माझं गुडघं कुठं जायचं? खुर्ची आत शिराय नको व्हय?"

सुतळी धरताना साळूबाईनं खुर्चीचे हात बघितले होते, त्याचे पाय बघितलेच नव्हते.

"फळी काढली तर सिलिंडर कुठं ठिवू?" ती म्हणाली.

"भाईर ठिव. नळी लांब घे."

"आन् घागर?"

"घागर तुझी तू बघ. आन् शेगडी डाव्या अंगाला घे, परातीला उजवीकडं जागा लागती."

नाथाजी दारापर्यंत आला होता. त्यानं तळव्यानं मधली रेघ पुसली, शेगडी डावीकडं घेतली आणि खडू वर धरून उभा राहिला.

"नाव काय लिहू?"

साळूबाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. ती टेम्पोकडं बघत राहिली.

"सिद्धू लिवा," आतून आवाज आला. "आन् खाली 'गुडघं आत' असं बी लिवा. न्हाईतर इसराल."

नाथाजी लिहू लागला. साळूबाईनं सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली आणि घरात कांदे किती उरलेत ते आठवू लागली.