निरोप पोचल्याची खूण

“अजून फिरतंयच का ते?” आक्काताईंनी दारातूनच विचारलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत होतं. हंबीररावांनी मान न वळवता “व्हय” म्हटलं. बोट माउसवर, कान मोडेमच्या खरखरीकडे.

रुग्णालयाच्या शेजारच्या खोलीत बनुबाईंची लेक सकाळीच बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. वाईत नाही, साताऱ्यात नाही. सांगलीच्या रक्तपेढीत मात्र तीन पिशव्या होत्या, आणि हे वाईत बसून दिसत होतं. गेल्या दिवाळीपासून रक्तपेढीनं आपला साठा इंटरनेटच्या एका पानावर आणला होता. पान उघडायचं, गट निवडायचा, ‘राखीव’ बटण दाबायचं, की तिकडं सांगलीच्या कॉम्प्युटरमधली नोंद बदलायची. मग बर्फाच्या डब्यात पिशवी घालून गाडी निघायची. डॉक्टरांनी एक पिशवी मागितली होती.

बटण दाबलं आणि लाइन तुटली. हंबीररावांनी पुन्हा जोडली, पुन्हा दाबलं. घड्याळ फिरत राहिलं आणि लाइन पुन्हा गेली.

“आवं हंबीरराव, नामस्मरन हाय का ते, सारखं सारखं दाबायला?” आक्काताई या रुग्णालयातल्या सगळ्यात जुन्या नर्स. हंबीरराव घाटावरच्या उत्सवात कीर्तनकार बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहतात, म्हणून हा टोमणा.

“पल्याडनं उत्तर येईस्तवर म्हनत ऱ्हायचं, आक्काताई. दोनीकडं नेम एकच.”

हा नेम त्यांना फौजेनं लावला होता. हंबीरराव सिग्नलमध्ये वायरलेसवर होते. निरोप दिला आणि पलीकडून ‘रॉजर’, म्हणजे ‘मिळाला’, आलं नाही, तर तोच निरोप पुन्हा द्यायचा. पेन्शनीत आल्यावर रुग्णालयानं त्यांना या यंत्रापुढं बसवलं, ते याच चिकाटीपायी.

तिसऱ्यांदा दाबल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली. नोंद झाली.

“झालं! निघतीया पिशवी,” ते बाहेर येऊन म्हणाले. बाकावर बसलेल्या बनुबाईंनी पदरातच हात जोडले. “माझ्या कृष्णामाईनंच तुमास्नी बसिवलंय हितं, बाबा.”

खुशीत परत येऊन त्यांनी सहज ते पान पुन्हा उघडलं. ओ निगेटिव्हपुढं शून्य होतं.

आधी वाटलं, दुसऱ्या कुणी नेल्या असतील. मग उमगलं. उत्तर वाटेत अडकत होतं. निरोप तर दर वेळी पोचत होता! वायरलेसवर पलीकडं माणूस असतो. तोच निरोप पुन्हा ऐकला तर म्हणतो, कळलं रे बाबा. इथं माणूस नव्हता. यंत्रानं दर वेळी नवी पिशवी बाजूला काढली होती. आणि पानावर राखीव करायचं बटण होतं, सोडायचं नव्हतं. ते काम सांगलीतूनच व्हायचं.

त्यांनी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

“काय झालं वो? तोंड का असं?” आक्काताई आत आल्या.

“एक पायजे हुती. तिन्ही अडकवून बसलोय मी.”

आक्काताईंनी रिसीव्हर त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः नंबर फिरवायला लागल्या. हंबीरराव उभेच होते. ओठांत नाम येत होतं आणि पुढं सरकत नव्हतं.

लागला एकदाचा. पलीकडं रक्तपेढीतला बिराप्पा होता.

“आण्णा, तुमची एक निघाली बगा गाडीनं. मीच इचारनार हुतो, एकाच बाईला तिन्ही कशाला?”

“दोन सोड, बिराप्पा. आत्ताच्या आत्ता सोड. माझी चूक हाय.”

“सोडतो की. पर...” तो घुटमळला. “मगाशी इस्लामपूरच्या दवाखान्यातनं फोन आलता, पान बघितलं म्हनं. उसाच्या ट्रॉलीखाली घावलेला गडी हुता, गट ह्योच. हितं शून्य दिसलं, म्हनून त्येला जीपमधनं कोल्लापूरला हलिवलं.”

“आरं, मग माघारी बोलाव! रक्त हाय म्हनावं!”

“वाटंतल्या जीपला निरोप कसा देऊ, आण्णा?”

हंबीररावांनी पुढ्यातला कागद ओढला.

“नाव काय त्याचं?”

“न्हाई ठावं. आण्णा, तुमी जिवाला लावून घिऊ नका. लाइनचा दोष म्हनून लिवतो मी.”

“न्हाई. हंबीररावानं तीनदा दाबलं, असंच लिव. आन त्या पानावर ठसठशीत घाला, उत्तर न्हाई आलं तर पुन्ना दाबू नका, फोन करा. कोल्लापूरचं काय कळलं तर मला सांग. कसंबी असू दे, सांग.”

दिवस कलताना पिशवी आली. नळीतून थेंब उतरू लागले तशी बनुबाईंच्या लेकीच्या ओठांवर हळूहळू रंग आला. बनुबाईंनी गुळाचा खडा हंबीररावांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी तोंडात टाकला नाही, रुमालात बांधला. फोन मात्र वाजला नाही.

“जावा घाटावर,” आक्काताई म्हणाल्या. “आज रातपाळीबी माजीच हाय. फोन आला तर शिपायाला धाडते.”

घाटावर कीर्तन उभं राहिलं होतं. कृष्णेच्या पाण्यावर दिव्यांच्या रेघा हलत होत्या. बुवांनी अभंग सोडला आणि हात वर करून नामाचा गजर मागितला. माणसं म्हणाली. बुवा म्हणाले, पुन्हा. माणसं पुन्हा म्हणाली, आणखी चढ्या आवाजात, पुन्हा पुन्हा.

मागच्या रांगेत हंबीररावांच्या हातात टाळ होते. नाव न कळलेल्या त्या गड्यासाठी त्यांनी एकदाच, हळू, पांडुरंगाला हाक घातली. मग टाळ छातीशी धरले आणि पायऱ्यांकडे बघत उत्तराची वाट पाहत उभे राहिले.