फुकटचा उजेड

स्टुडिओला टाळं लागलं त्या दिवशी मालकांनी तिला एक लंगडा स्टँड दिला आणि एक सल्ला. स्टँडचा पाय सैल होता, सल्ला मात्र धडधाकट होता. "घरी काम सुरू करणार असशील तर आधी दिवे घ्यायला धावू नकोस," ते म्हणाले. "घरातली सगळ्यात चांगली खिडकी शोध. उजेड फुकट असतो."

त्या स्टुडिओत तिची सगळी उमेदीची वर्षं संगणकासमोर लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसण्यात गेली होती. पुढे लोक फोनमध्येच फोटो काढायला लागले आणि फोनमध्येच डाग पुसायला लागले. मालकांनी बरेच दिवस कळ काढली आणि शेवटी हात टेकले. दुसरीकडे नोकरी शोधावी तर घरी वडील होते. जन्मभर बस चालवलेला तो माणूस दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आडवा झाला आणि उजवी बाजू कायमची गेली. त्यांना कूस बदलून द्यायला, पाणी पाजायला, लघवीचं भांडं द्यायला कुणीतरी हाकेच्या अंतरावर लागायचं. स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे होता म्हणून मधेमधे धावत येऊन निभत होतं. एवढ्या जवळ दुसरी नोकरी कोण देणार? भाऊ परगावी होता आणि फोनवरून भरपूर सल्ले द्यायचा. सल्ले देताना कुणाची कंबर मोडत नाही.

तेव्हा काम घरातच करायचं ठरलं. वडिलांजवळ राहता यावं एवढाच त्यामागचा हेतू होता.

आता घरात चांगली खिडकी एकच होती, बाहेरच्या खोलीतली. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत दिवसभर ऊन अंगावर घ्यायची आणि त्याचा सगळा कडकपणा काढून ते या खिडकीत पाठवायची. असा मऊ उजेड स्टुडिओत मालक कापडं आणि छत्र्या लावून तयार करायचे, तरी असा पडायचा नाही. पण त्या खिडकीला लागून वडिलांची खाट होती. खाली बसथांबा होता आणि उशीला टेकून त्यावर लक्ष ठेवणं हे वडिलांचं निवृत्तीनंतरचं खातं होतं. "हा बघ," ते जड जिभेने म्हणायचे, "ब्रेक मारतोय की सूड उगवतोय?" किंवा, "नवा दिसतोय. थांबा मागे राहिला, गाडी पुढे गेली." एखादा ड्रायव्हर गाडी अलगद थांब्याला लावून गेला की ते काही बोलत नसत, नुसती मान हलवत. त्या दिवशी जेवणही बरं जायचं.

खिडकीचा विचार तिच्या मनात आला होता आणि तिने तो झटकलाही होता. आतल्या अडगळीच्या खोलीतच तिने स्टुडिओ मांडायला घेतला. त्या खोलीला खिडकी नाही, वर हातभर झरोका आहे, तोही जिन्याकडे उघडणारा. तिने खोकी काढली, मोडका पंखा काढला, आईचं शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवलं. पांढरी चादर इस्त्री करून दोरीवर कपड्याच्या चिमट्यांनी ताणून बसवली, कारण फोटोत चादरीची एक सुरकुतीही लपत नाही. साध्या बल्बपुढे पारदर्शक कागद लावले. लंगड्या स्टँडच्या पायाला विटेचा टेकू दिला. कॅमेरा कुणाचा तरी वापरलेला होता, पण डोळा शाबूत होता.

पहिलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरचा बूटवाला. त्याला बूट ऑनलाइन विकायचे होते. फोटो त्याने जवळून बघितला, लांब धरून बघितला. "ताई," तो म्हणाला, "माझे बूट तपकिरी आहेत. हे आजारी वाटतात."

घर लहान असलं की कुठलीच गोष्ट एका खोलीत राहत नाही. वडिलांनी ते ऐकलं. बूटवाला गेल्यावर त्यांनी तिला हाक मारली.

"मला हलव," ते म्हणाले.

"कुठे?"

"आत. अडगळीची खोली आहे ना? मग अडगळ तिथेच ठेवावी."

"असं काय बोलता, बाबा?"

"चार दिवस गं. चांगले दिवे येईपर्यंत."

तिने नाही म्हणायला हवं होतं. ती "बघू" म्हणाली, आणि बघू म्हणताना तिला आतून सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाजही वाटली, पण थोडी उशिराने.

समोर राहणारे लिफ्ट दुरुस्तीवाले काका खाट उचलायला आले. "ड्रायव्हरसाहेब, आज गाडी आमच्या ताब्यात," ते म्हणाले. "मागे कपाट आहे, बघून घ्या," वडील म्हणाले. तिघेही हसले. खाट आतल्या खोलीत भिंतीला लागली. त्या खोलीला दार नव्हतं, एक जाड पडदा तेवढा होता.

खिडकीपाशी सगळं चुटकीसरशी जमलं. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोलचा तक्ता दुसऱ्या बाजूला उभा केला की चेहऱ्याची सावलीतली बाजूही उजळायची. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारून तिने स्टुलाची जागा पक्की केली. बूट तपकिरी आले. मग नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढणारे आले, हाताने पिशव्या शिवणारी एक बाई आली, आणि लहान मुलांचे आईबाप यायला लागल्यावर तर तिला दिवस पुरेनात. दिवे घ्यायचे राहून गेले. दर वेळी काहीतरी दुसरं निकडीचं निघायचं, आणि खिडकीचा उजेड दिव्यांपेक्षा चांगला होता हेही खरं. तात्पुरता म्हणून ठोकलेला खिळा कुणी कधी काढला आहे का?

सुरुवातीला वडील आतून आवाजावर बस ओळखायचे. "गिअर पडत नाहीये त्याचा, ऐकलंस?" मग ते नुसतं विचारायला लागले, की सकाळ आहे की दुपार. पुढे तेही विचारेनासे झाले. ती कामात होती. ते विचारत नाहीत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा त्यालाही बरेच दिवस होऊन गेले होते.

एके दिवशी एक वर्षाच्या बाळाला घेऊन त्याचे आईबाप आले. बाप काटेकोर. त्याने स्टूल पुसून घेतलं, चादर धुतलेली आहे ना विचारलं. बाळ छान रमलं होतं. खिडकीकडे बघून ते हसलं, तिने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि नेमका आतून खोकला आला. ओला, खोल, लांबलेला.

आईने बाळ उचलून छातीशी धरलं. "आत कुणी आजारी आहे का?" बापाने विचारलं.

"नाही नाही," ती म्हणाली. "शेजारचे आहेत. भिंती पातळ आहेत इथल्या."

खोकला तिथल्या तिथे थांबला.

खोकला असा मधेच थांबत नसतो, कुणीतरी तो थांबवावा लागतो. तिला ते कळलं आणि तरी तिने फोटो काढले. सुंदर आले. बाळाची आई खूश झाली, बहिणीलाही पाठवते म्हणाली. त्यांना जिन्यापर्यंत सोडून ती परत आली आणि पडदा बाजूला केला. वडिलांनी डाव्या हाताने पांघरुणाचं टोक तोंडात कोंबलं होतं. चेहरा काळानिळा झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला बघून त्यांनी टोक काढलं, दम खाल्ला.

"शेजारच्यांना जरा पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

आणि ते हसले, चेहऱ्याच्या हलणाऱ्या अर्ध्या बाजूने. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पाणी पाजलं, हनुवटी पुसली, आणि "बाबा, ते मी..." एवढंच म्हणाली. "धंद्यात बोलावं लागतं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर खोकला कमी झाला. तिने भावाला फोनवर तसं सांगितलंसुद्धा, "बराच उतार आहे आता." माणसाला जे हवं असतं त्यावर त्याचा विश्वास लवकर बसतो. मग एका सकाळी ती पांघरूण धुवायला घेऊन बसली तेव्हा टोकाशी दातांनी पडलेली भोकं दिसली. एक टोक तर पार विरलं होतं. ती तशीच ओल्या हातांनी आत गेली. उशाशी ठेवलेला तांब्या काठोकाठ भरलेला होता. तिने पहाटे भरला होता तसाच.

"पाणी का नाही प्यालात?"

"गिऱ्हाईक यायचं होतं ना आज. मधेच भांडं लागलं असतं, तुला हाक मारावी लागली असती."

"रोज असंच करता?"

"लांबच्या गाडीवर ड्रायव्हर पाणी बेतानेच पितो," ते म्हणाले. "सवय आहे मला."

ती खाटेच्या कडेला बसली. तिला रडू आलं, आणि स्वतःचा इतका राग आला की रडूही नीट येईना. ज्या माणसाजवळ राहायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्यालाच तिने घरातल्या घरात शेजारी करून टाकलं होतं.

तिने त्या दिवसाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्याच्यांनाही सांगितलं. चादर काढून घडी घातली, थर्माकोल कपाटामागे सारला, जमिनीवरची फुली नखाने खरवडली. मग लिफ्टवाल्या काकांना बोलावलं. या वेळी कुणी विनोद केला नाही. खाट उचलताना काका तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "हलके झालेत गं." खाट खिडकीला लागली. काका हात पुसत बाहेर पडले. तिने खिडकी सताड उघडली.

वडिलांनी डावा हात डोळ्यांवर घेतला.

"होईल सवय," ती म्हणाली. "थोडं थोडं बघा. पाणी देऊ? भरपूर प्या आता. कुणी यायचं नाहीये."

ते प्यायले नाहीत. हात खाली घेऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली, स्टुलाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. बाहेर मात्र बघितलं नाही. तेवढ्यात त्यांना ढास लागली. तिने पाठ चोळायला हात पुढे केला, तोवर त्यांनी नव्या पांघरुणाचं टोक ओढून तोंडात कोंबलंही होतं. डोळे दारावर होते.

"बाबा, काढा ते. कुणी नाहीये इथे, आपण दोघंच आहोत. खोका. मोठ्याने खोका."

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. ढास आतल्या आत जिरेपर्यंत ते तसेच थरथरत राहिले. मग टोक काढून ते तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "येईल कुणीतरी. मला माझ्या खोलीत ने, बाळा."

"हीच तुमची खोली आहे."

"ही गिऱ्हाइकांची," ते म्हणाले.

ती जागची हलली नाही. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. जिन्यात काकांची पावलं अजून ऐकू येत होती. तिने त्यांना हाक मारली नाही. वडिलांनी मारली. कित्येक दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.