बाराच्या पुढं काय

"एकोणीस, आठ, सत्तावीस, सोळा, सहा, तेवीस, बारा."

एवढं बोलून बापू माझ्या तोंडाकडं बघत राहतात. मी चहाचं आधण ठेवत असते, क्लासला जायची घाई असते, आणि यांची नजर काही हलत नाही. बाराच्या पुढं काय, ते मी सांगायचं असतं.

बापू म्हणजे माझे वडील, महारुद्र. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात त्यांचा जन्म गेला. आई जाऊन लई वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात, आणि बोलणं पार गेलं. पाणी म्हणता येत नाही, राजेश्वरी म्हणून हाक मारता येत नाही. राहिले ते हे एवढे आकडे. उमरग्याचे डॉक्टर म्हणाले, काहीजणांचं असं होतं, शब्द जातात पण आकडे राहतात. "विचारतायत तोवर बरंय, ताई. उत्तर देत राहा. विचारायचं सोडलं की मग अवघड."

आता मला सांगा, मी भरतीच्या क्लासमध्ये शिकवते काय? अंकमालिका! दोन, सहा, बारा, वीस, पुढं काय? पोरं पेन चावत बसतात आणि मी फळ्यावर चुटकीसरशी सोडवून दाखवते. स्वतः सात सालं परीक्षा दिल्या, दर खेपेला यादीच्या जरा खालीच राहिले. यंदा वयाची अट ओलांडली, विषय संपला. बापूंना हे अजून सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार? आणि घरात त्यांच्या एका मालिकेपुढं मी साफ ढ.

सगळं करून बघितलं हो. फरक काढले. एकोणीसातून अकरा गेले, मग एकोणीस मिळवले, परत अकरा गेले, मग दहाच गेले. हे काय गणित झालं? वर्ग, घन, मूळसंख्या, एकाआड एक, उलटं, सुलटं. क्लासचे मालक भीमाशंकर सर, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, आणि म्हणाले, "मॅडम, ही पेपरात आली असती तर आपण प्रश्नच रद्द करायला लावला असता." घ्या! बाप रद्द करता येतो का?

मी अंदाजानं एकेक आकडा सांगायचे. "तेरा? एक? एकतीस?" बापू डावा हात झटकायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा दमून आले होते, दूध उतू गेलं होतं, तेवढ्यात यांचं एकोणीस, आठ सुरू झालं. मी ओरडलेच. "नाही येत मला! नाही येत, बापू! तुमची पोरगी हुशार नाही, कळलं का?" मला माझीच लाज वाटली.

मार्च लागला तसं त्यांचं विचारणं कमी झालं. दिवसभर चालायचं ते सकाळी एकदाच. मग एके दिवशी "सोळा, सहा" म्हणाले आणि अर्ध्यातच भिंतीकडं तोंड करून पडले. नुसती कटकट म्हणून मी ज्याला वैतागले होते, ते थांबतंय म्हटल्यावर मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्यापुढं बसून म्हटलं, "बापू, विचारा की. एकोणीस, आठ..." त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याच दुपारी शेजारच्या दगडाबाई आल्या. त्यांना अक्षरओळख नाही, उपासाची तिथी त्या माझ्याकडूनच विचारून घेतात. "राजू, चैताची पुनव कधी हाय बघ गं."

मी कॅलेंडरचं पान उलटलं. "दोन तारखेला. म्हणजे परवाच की."

"अगं बया! औंदा लई लवकर आली. गेल्या साली बाराला होती."

बारा.

माझा हात पानावर तसाच राहिला. मोबाइल काढला. त्याच्या आदल्या सालची चैत्र पौर्णिमा तेवीस एप्रिल. त्याच्या आधी सहा. सोळा. सत्तावीस. आठ. एकोणीस. तिथी दरसाल दहा-अकरा दिवस मागं येते, अधिक महिना आला की पुढं उडी मारते. पाच महिने मी वर्ग आणि घन करत होते, आणि उत्तर चुलीवरच्या भिंतीला टांगलेलं होतं.

"पण पुनवेचं बापूंना काय?" मी विचारलं.

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुला सांगू नका म्हणले होते. येरमाळ्याला जायचे ते, येडाई देवीच्या यात्रेला, तुझ्या नोकरीचा नवस घेऊन. तू नवसाला नावं ठेवतीस, म्हणून गुपचूप. तू नोकरीचा पैला फारम भरलास ना, तवापासून. कोरोनाच्या टायमाला जाता आलं न्हाय, तर गच्चीवरून हात जोडले."

सात आकडे. माझे सात फॉर्म. कोरोनाची सालं सोडली तर दरसाल चैतात बापू "कारखान्यात काम आहे" म्हणून जायचे, आणि मी पुस्तकातून मान वर न करता "लवकर या" म्हणायचे.

मी बापूंच्या खाटेजवळ गेले. ते भिंतीकडं तोंड करून होते. कानाशी वाकून म्हटलं, "दोन. बापू, बाराच्या पुढं दोन."

ते हळूहळू वळले. डावा हात उचलून माझ्या गालावर ठेवला आणि लहान लेकरागत रडायला लागले. मीही रडले, कशाला खोटं बोलू?

मग काय, निघालो. तुळजापूरला गाडी बदलली, धाराशिवला बदलली. प्रत्येक पायरीला बापूंचा पाय उचलून ठेवायचा, पाठीमागच्यांचं "चला की ताई" ऐकायचं. येरमाळ्याला पोहोचेपर्यंत माझ्या कमरेचे तुकडे पडले. दुसऱ्या दिवशी पालखी निघाली आणि माणसं चुन्याच्या रानात खडे वेचायला लागली. तशी तिथली रीतच आहे. बापूंना वाकता येईना. त्यांना एका झाडाखाली बसवलं आणि मी वेचले. पांढरे खडे त्यांच्या डाव्या हातात ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले, माझ्याकडं बघितलं, आणि मागायला डोळे मिटले.

मला राहवलं नाही. "बापू, नका मागू. माझं वय गेलं. यंदा फॉर्मच नाही भरला मी. भरताच येत नाही. संपलं ते."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता हात झटकतील, खडे टाकून देतील, आणि परत भिंतीकडं तोंड. आजूबाजूला हलग्या वाजत होत्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

"एकोणीस," बापू म्हणाले. "आठ. सत्तावीस, सोळा, सहा, तेवीस, बारा. दोन."

आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

पोरीची नोकरी हुकली, नवस गेला, तरी या माणसाला पुढचा आकडा पाहिजे!

"वीस," मी म्हटलं. "यंदा अधिक महिना आहे ना, म्हणून पुढच्या सालची पुनव पुढं जाणार. वीस एप्रिल."

त्यांनी मान डोलावली आणि एक खडा माझ्या हातात दिला. मी तो कपाळाला लावला. नवसाला आजवर नावं ठेवत आले, पण त्या दिवशी मागितलं. नोकरी नाही मागितली. म्हटलं, आई येडाई, मला रोज वैताग येऊ दे, पण यांना विचारत राहू दे.